संध्याकाळी पाचची पहाट

आपल्या मंडळाची ‘दिवाळी पहाट’ दरवर्षी शनिवारी संध्याकाळी पाचला सुरू होते, याचं आता कुणाला हसूही येत नाही. कारणं मलाही ठाऊक आहेत. शाळेचा हॉल तेव्हाच मिळतो, मंडळी लांबून गाडी चालवत येतात, कलाकारांना दुसऱ्या दिवशी पुढचं गाव गाठायचं असतं. पण त्यामुळे झालं काय? यमन, मारवा, पूरिया, बागेश्री आपण भरपूर ऐकले. तोडी, ललत, भैरव समोर बसून किती वेळा ऐकलेत, जरा आठवून पाहा. इथं वाढलेल्या मुलांना विचारलंत, तर बहुतेक जण ‘एकदाही नाही’ म्हणतील.

रेकॉर्डिंग आहेत की, असं तुम्ही म्हणाल. आहेत, मीही ऐकतो. पण ललतात पंचम नसतो, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार मध्यमात लावतात. शेजारी बसून ती ऐकताना मध्यमच षड्ज वाटू लागतो आणि कान गोंधळतो. हा गोंधळ गाडीतल्या स्पीकरवर होत नाही. तोडीचा गंधार तर नेहमीच्या कोमल गंधारापेक्षाही किंचित उतरलेला. पेटीवर तो सापडत नाही, गळ्यातूनच यावा लागतो. विलंबित एकतालाचं एक आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालतं, आणि गाणारा त्या गंधाराभोवती अशी कितीतरी आवर्तनं फिरत राहतो. त्यासाठी ताजा कान हवा, श्रीखंड-पुरीनंतरचा नव्हे.

पुण्यात 1953 साली सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चाले, पहाटेचे राग पहाटेच ऐकायला मिळत. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंधनं आली आणि त्या रात्री संपल्या. तिथं निदान कायदा आडवा आला. आपण आपली सकाळ सोयीपायी घालवतो आहोत.

गेल्या एप्रिलमध्ये एक गायिका आमच्याकडे मुक्कामाला होत्या. सकाळी चहा व्हायच्या आधी, फोनवर तानपुरा लावून त्या खालच्या खोलीत तोडीचा रियाज करत होत्या. आमची नात सोळा वर्षांची, सहा वर्षं गाणं शिकतेय. दूध-सीरियल घ्यायला म्हणून उतरली आणि जिन्यातच बसली. पाऊण तास हलली नाही. मग मला हळूच म्हणाली, ‘‘आजोबा, हे आपल्या प्रोग्रॅमला का नाही गात?’’

हॉलमुळे, असं तिला सांगताना माझी मलाच लाज वाटली.

तेव्हा कार्यकारिणीला माझी विनंती आहे, आणि तुम्हीही तिच्या मागे लागा. वर्षातून एक रविवार, सकाळी साडेआठ, कुणाच्या तरी घरची मोठी बैठकीची खोली. तीस-चाळीस माणसं, माइक नाही, अभंगाची फर्माईश नाही. आमचं तळघर मोकळंच आहे. पोहे गाणं झाल्यावर.