डोक्यावरचं शेल्फ

आमच्या रूममधलं भिंतीवरचं पुस्तकांचं शेल्फ वर्षभर हलत होतं. इलाज काय? फटीत कागदाची घडी! गेल्या आठवड्यात वरचा स्क्रू हातातच आला, तोही रूममेटच्या उशीच्या बरोब्बर वर. मग डोळे उघडले.

स्क्रू जेमतेम एक इंची, त्यातला अर्धा प्लॅस्टरमध्येच. पुस्तकं 20 किलो, भार भिंतीपासून 10 सेंमीवर, ब्रॅकेटची उभी पट्टीही 10 सेंमी. म्हणजे वरच्या स्क्रूंना मिळून 20 किलोची ओढ! हे गणित आपण पेपरात झोपेतही सोडवतो.

मेन्टेनन्सच्या काकांकडून ड्रिल आणलं. भिंतीत वायर नाही ना, ते त्यांनाच विचारलं. शेल्फ काढून नव्या जागी 8 मिमीची, 5 सेंमी खोल भोकं पाडली, धूळ फुंकली, गिट्ट्या ठोकल्या, दोन इंची स्क्रू आवळले. आता तसूभरही हलत नाही.

तक्रारवहीत नोंद करावीच. पण माझं स्पष्ट मत आहे : प्रत्येक हॉस्टेलला एक ड्रिल हवं आणि काकांच्या देखरेखीखाली ते वापरायची मुभाही. डोक्यावरचं शेल्फ घट्ट करता येत नसेल, तर मित्रांनो, त्या डिग्रीचं करायचं काय?