पेटीतले शेवाळ आणि उजेडाचा हिशेब

मत्स्यपेटीतल्या पानांवर हिरवे केस उगवले, की पेटीचा मालक दुकान गाठतो. दुकानदार त्याला एक तर औषधाची बाटली देतो, नाही तर काचेला चिकटणारा ‘सकर’ मासा. माझे स्पष्ट मत असे, की बाटलीची गरज नाही, आणि मासा तर मुळीच घरी आणू नये.

शेवाळ हा काही बाहेरून आलेला रोग नव्हे. शाळेच्या प्रयोगात उपड्या नरसाळ्याखाली आपण जी हायड्रिला ठेवतो, तिला जे लागते तेच शेवाळाला लागते: प्रकाश, कार्बन डाय-ऑक्साइड, नत्र आणि स्फुरद. मग ते मोठ्या वनस्पतीवर मात कसे करते? उत्तर भूमितीत आहे. गोळ्याचा व्यास दहापट कमी केला, तर आकारमानाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग दहापट वाढतो. शेवाळाच्या इवल्याशा पेशीचे सारे अंगच पाण्याला लागलेले असते, त्यामुळे विरघळलेले खत ती चटकन शोषून घेते. मोठ्या झाडाला मूळ, खोड, पान असा संसार सांभाळावा लागतो. पेटीत प्रकाश आणि खत गरजेपेक्षा जास्त झाले, की उरलेले सगळे शेवाळाच्या पदरात पडते. वाढ थांबलेले जुने पान ही तर त्याची हक्काची जागा.

आता प्रकाशाचे पाहा. दुपारच्या उघड्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, ट्यूबलाइटच्या खोलीत काही शे. आपले डोळे जुळवून घेतात, म्हणून हा शेकडोपटींचा फरक आपल्याला तेवढा वाटत नाही. पानाला मात्र पुरता कळतो. पेटी खिडकीत ठेवणे म्हणजे शेवाळाला आमंत्रणच. वाणगावच्या मुलांना हे नवे वाटू नये. मिरचीवर शेडनेट ताणणारा बागायतदार उन्हाचे मापच घेत असतो, मग तो भौतिकशास्त्र शिकलेला असो वा नसो!

खत कुठून येते? माशांच्या खाद्याच्या डबीतून. कौतुकाने टाकलेले चिमूटभर जादा खाद्य तळाशी कुजते आणि त्यातला नत्र व स्फुरद पाण्यात उतरतो. स्फुरदाचा प्रताप कॅनडात 1973 साली एका तळ्यावर दिसला. डेव्हिड शिंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लेक 226’ हे तळे पडद्याने दुभागले. दोन्ही भागांत कार्बन व नत्र घातले. स्फुरद मात्र एकाच भागात. तो भाग हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. आपली पेटी म्हणजे त्या तळ्याचेच छोटे रूप.

तेव्हा उपाय साधे आहेत. पेटी खिडकीपासून दूर न्यावी आणि दिवा दिवसाला सात-आठ तासच लावावा. खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाचे असेल तर ते आधी रात्रभर उघड्या बादलीत ठेवावे. शेवाळलेली जुनी पाने सरळ खुडावीत. हायड्रिलासारखी झपाट्याने वाढणारी वनस्पती भरपूर लावली, की खताला दुसरा वाटेकरी मिळतो.

मोरचूद टाकणारेही असतात. त्याने गोगलगायी मरतात, नाजूक पाने जळतात, आणि मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. मग पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून धापा टाकताना दिसतात.

सकर माशाची गोष्ट याहून गंभीर आहे. हा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. बोटभर असताना विकला जातो आणि फूटभराहून मोठा होतो. तेव्हा तो पेटीत मावत नाही. मारवत नाही म्हणून भला माणूस त्याला नदीत किंवा तळ्यात सोडतो. उजनीच्या जलाशयात तो मच्छीमारांच्या जाळ्यात सापडू लागला आहे. त्याला बाजारभाव नाही, आणि त्याचे काटेरी पर जाळी फाडतात ते वेगळेच. घरातल्या पेटीची काच पुसायला आणलेला मासा दुसऱ्याच्या पोटावर येतो, याला मी शौक म्हणणार नाही. आपल्याकडे पावसाळ्यात शेततळी, ओहोळ, खाड्या एकमेकांना मिळतात. तिथे एकदा सुटलेला मासा परत कोण आणणार?

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. प्रयोगशाळेतली पेटी पाहुण्यांसाठी लखलखीत ठेवण्याऐवजी तीन सारख्या बरण्या घ्या. तिन्हींत एकाच विहिरीचे पाणी आणि हायड्रिलाची सारखी फांदी घाला, मासे नकोत. एक बरणी खिडकीत ठेवा, दुसरी खोलीत आत. तिसरी दुसरीच्या शेजारीच, पण तिच्यात रोज चिमूटभर खाद्य टाका. दर शनिवारी मुलांनी पाने भिंगाखाली पाहून वहीत नोंद करावी. महिनाभर पुरे.