सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान कुणाला?



शाळेच्या क्रीडा महोत्सवात सांघिक बक्षिसे वाटून झाली की टेबलावर एक चषक उरतो, सर्वोत्कृष्ट खेळाडूचा. विजेत्या संघाच्या चषकाबद्दल कुणाची तक्रार नसते, कारण तिथे गुणफलकच निकाल सांगतो. या एका चषकाबद्दल मात्र पुढे आठवडाभर वर्गात, बसथांब्यावर आणि घराघरांत चर्चा चालते. या चषकाचा नियम आजवर कुठे लिहिलेला नाही. तो आता लिहावा असे ठरत आहे आणि त्यासाठी दोन सूचना माझ्याकडे आल्या आहेत. पहिली, हा मान जिंकलेल्या संघातल्याच खेळाडूला द्यावा. दुसरी, ज्याने सर्वांत जास्त गुण केले त्याला द्यावा, म्हणजे वादच नको. दोन्ही सूचना चांगल्या हेतूने आलेल्या आहेत. मला मात्र त्या पटत नाहीत. का पटत नाहीत, ते सांगते.

पहिल्या सूचनेचे उत्तर आपल्या सर्वांच्या लाडक्या सचिन तेंडुलकरनेच देऊन ठेवले आहे. २००३ च्या विश्वचषकात त्याने ११ सामन्यांत ६७३ धावा केल्या. २३ मार्च २००३ रोजी जोहान्सबर्गच्या अंतिम सामन्यात तो ४ धावांवर बाद झाला आणि आपण १२५ धावांनी हरलो. तरी स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान सचिनलाच मिळाला. अंतिम सामन्याचा मान नाबाद १४० धावा करणाऱ्या रिकी पाँटिंगला मिळाला, तोही योग्यच होता. २० वर्षांनी, २०२३ च्या विश्वचषकात, तेच पुन्हा घडले. अहमदाबादला अंतिम सामना ऑस्ट्रेलियाने जिंकला, त्या सामन्याचा मान १३७ धावा करणाऱ्या ट्रॅव्हिस हेडला आणि ७६५ धावा करणाऱ्या विराट कोहलीला संपूर्ण स्पर्धेचा. एक मान एका दिवसाचा, दुसरा पूर्ण स्पर्धेचा. बक्षीस कशासाठी आहे हे आधी ठरलेले असले की निम्मे वाद तिथेच मिटतात.

आपल्या मोठ्या वर्गातील मुले हल्ली अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉलबद्दल हिरिरीने बोलतात. तिथे अंतिम फेरी एका सामन्याची नसते. सातपैकी चार सामने जो आधी जिंकेल तो विजेता. या मालिकेतील ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर’ला बक्षीस देण्याची प्रथा १९६९ साली सुरू झाली आणि पहिलेच बक्षीस पराभूत संघातील खेळाडूला मिळाले. लॉस एंजेलिस लेकर्सच्या जेरी वेस्टने सातव्या सामन्यात एकट्याने ४२ गुण केले, तरीही बोस्टन सेल्टिक्सने तो सामना १०८-१०६ असा जिंकला. त्यानंतर ५० हून अधिक वर्षे हरलेल्या संघातील एकालाही हा मान मिळालेला नाही. असा नियम कुणी केलेला नाही, पण सवय मात्र पडून गेली आहे.

या सवयीची खरी परीक्षा २०१५ मध्ये झाली. क्लीव्हलँडचे दोन प्रमुख खेळाडू, कायरी अर्विंग आणि केव्हिन लव्ह, दुखापतींमुळे बाहेर होते. लेब्रॉन जेम्सने सामन्यामागे सरासरी ३५.८ गुण केले आणि एकट्याच्या बळावर मालिका सहा सामन्यांपर्यंत ओढत नेली. समोरच्या गोल्डन स्टेट संघात आंद्रे इग्वोडाला होता. त्या पूर्ण हंगामात साखळीच्या एकाही सामन्यात तो सुरुवातीच्या पाचांत नव्हता. संघ १-२ असा मागे पडल्यावर चौथ्या सामन्यापासून त्याला सुरुवातीपासून खेळवले आणि पुढचे तिन्ही सामने संघाने जिंकले. लेब्रॉनला अडवण्याचे मुख्य काम त्याच्याकडे होते. ११ जणांनी मते दिली, ७ इग्वोडालाला आणि ४ लेब्रॉनला.

माझे मत विचाराल तर तो मान लेब्रॉनचा होता. माझी कसोटी साधी आहे. या खेळाडूला संघातून काढून बघा आणि मग मालिकेचे काय झाले असते ते सांगा. लेब्रॉनशिवाय ती मालिका सहा सामने चाललीच नसती. पण इग्वोडालाला मते देणारेही चुकले असे मी म्हणणार नाही. गुण अडवणे हेसुद्धा गुण करण्याइतकेच मोलाचे आहे, हे त्यांनी जगाला दाखवून दिले. अडचण एवढीच की दोन वेगळ्या कामांना बक्षीस मात्र एकच होते. या बक्षिसाला २००९ पासून बिल रसेलचे नाव आहे. १३ हंगामांत ११ विजेतेपदे मिळवणारा हा खेळाडू बचावासाठी आणि चेंडू परत मिळवण्यासाठी प्रसिद्ध होता. १९६९ चा हंगाम त्याचा शेवटचा. ज्याच्या नावाने चषक दिला जातो, त्याला स्वतःला तो कधीच मिळाला नाही.

आता दुसरी सूचना. आकडा मोजला की वाद संपतो, हे खरे. पण आकडा सगळ्यांना सारखी संधी देतो का? २०२३ साली आपल्या गोव्यात ३७ वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाली. सर्वोत्कृष्ट महिला खेळाडूचा मान महाराष्ट्राची संयुक्ता काळे आणि ओडिशाची प्रणती नायक या दोघी जिम्नॅस्टना विभागून मिळाला. दोघींची पदके सारखीच होती, प्रत्येकी ४ सुवर्ण आणि १ रौप्य. दोघींच्या मेहनतीला मनापासून सलाम. पण जिम्नॅस्टिक्समध्ये एकीला अनेक पदके मिळू शकतात. हॉकी किंवा कबड्डीचा संपूर्ण संघ पंधरा दिवस जिवाचे रान करतो तेव्हा प्रत्येकीच्या गळ्यात एकच पदक पडते. पदके मोजायची ठरवली तर सांघिक खेळातली मुलगी या शर्यतीत सुरुवातीपासूनच मागे राहते.

शाळेत तर याचा परिणाम मुलांच्या वागण्यावर होतो. सर्वांत जास्त गुणांना चषक, असे आपण लिहून ठेवले की हुशार मूल लगेच ओळखते की पास देणे तोट्याचे आहे. आपल्याकडच्या दशावतारात टाळ्या राजाच्या प्रवेशाला पडतात, पण पेटी, पखवाज आणि झांज थांबली तर राजाचे पाऊल तरी उचलेल का?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या मातीतल्या खो-खोने केव्हाच शोधले आहे. तिथे उत्कृष्ट आक्रमक, उत्कृष्ट संरक्षक आणि अष्टपैलू अशी वेगवेगळी बक्षिसे देण्याची पद्धत आहे. पळणाऱ्याला आणि पाठलाग करणाऱ्याला एकाच तराजूत घालत नाहीत. तीच पद्धत आपण स्वीकारावी असे मी सुचवते. आक्रमण आणि बचाव यांसाठी प्रमाणपत्रे द्यावीत, म्हणजे खर्चही वाढणार नाही. चषक एकच राहील. तो पूर्ण स्पर्धेच्या खेळासाठी असेल आणि हरलेल्या संघातील खेळाडूही त्याला पात्र असेल. आठवी-नववीच्या मुलांनी वही घेऊन गुणांबरोबर पास, अडवलेले आणि हिसकावलेले चेंडूही नोंदवावेत. प्रत्येक संघाने आपल्या संघाबाहेरच्या एका खेळाडूचे नाव सुचवावे, कारण आपल्याला सर्वांत जड कोण गेले हे प्रतिस्पर्ध्याला अचूक माहीत असते. ही नावे आणि नोंदी पाहून क्रीडाशिक्षकांनी निर्णय द्यावा आणि त्याचे कारण चार ओळींत फलकावर लावावे.

माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत विचारतात, पुरस्काराचा हकदार कोण? मराठीत आपण म्हणतो, मानकरी कोण? पेडण्याच्या गावांत मानकरी हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. देवाच्या उत्सवातला मान घराण्याकडून चालत येतो आणि तो आपण आदराने पाळतो. मैदानावरचा मान मात्र दर वर्षी नव्याने मिळवायचा असतो. म्हणून तो कुणाच्या मुलाला मिळाला यापेक्षा तो कशासाठी मिळाला, हे प्रत्येक मुलाला सांगता आले पाहिजे.

पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी आपल्या सूचना लेखी स्वरूपात कार्यालयात द्याव्यात. पालक-शिक्षक संघाच्या पुढील बैठकीत त्या वाचल्या जातील. नियम काहीही ठरो, पहिला सामना सुरू होण्यापूर्वी तो सूचनाफलकावर लागलेला असावा, एवढा माझा आग्रह राहील.