कोकणातलं भूत आणि नागपूरचे पोट्टे

१९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने राही अनिल बर्वेला नारायण धारपांची एक कथा ऐकवली. राही तेव्हा शाळकरी वयाचा. पोरगा असा टरकला की ती भीती पुढे कित्येक वर्षं त्याच्या मानगुटीवरून उतरेना. १९९७मध्ये, अठराव्या वर्षी, त्याने पटकथेचा पहिला खर्डा लिहिला. पुढे सातशे पानांचा स्टोरीबोर्ड झाला, निर्माते आले आणि गेले, आणि ‘तुंबाड’ पडद्यावर आला २०१८च्या ऑक्टोबरमध्ये. नागझिरा त्या काळी भंडारा जिल्ह्यात होतं, नागपूरहून काही तासांवर. म्हणजे ठिणगी पडली विदर्भात आणि वाडा उभा राहिला कोकणातला! नावसुद्धा श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेलं. २०२४चा ‘मुंज्या’ही तिकडचाच. भुताखेतांचा मक्ता कोकणाला कुणी दिला, हे एकदा विचारायला हवं.

नागपुरातले नववी-दहावीचे पोट्टे सुटीत हॉरर फिल्म काढायला निघतात, तेव्हा त्यांचं भूत तर कोकणातलंही नसतं. ते थेट अमेरिकेहून येतं. कुणाच्या तरी बहिणीला काळी ओढणी गुंडाळून ‘द नन’ करायचं, कुंकू कालवलेल्या साखरेच्या पाकाचं रक्त, हनुवटीखाली मोबाइलचा टॉर्च. फार तर पांढरी साडी आणि मेणबत्ती, तीही कृष्णधवल सिनेमाच्या काळापासून वापरून विरलेली.

तरीही नवशिक्याने पहिला सिनेमा भयपटच करावा. अंधार फुकट मिळतो, आणि नटाला अभिनय जमला नाही तर तोंड झाकता येतं. सॅम रायमी आणि ब्रूस कॅम्पबेल ही मिशिगनमधली दुक्कल शाळेपासूनच सुपर-८ कॅमेऱ्यावर उद्योग करत होती. १९७८मध्ये त्यांनी ‘विदिन द वूड्स’ नावाचा छोटा नमुना तयार केला, तो लोकांना दाखवून पैसे जमवले आणि ‘द ईव्हिल डेड’ केला. भारी सामग्री परवडणारी नव्हती. मग कॅमेरा एका फळीवर बसवला, दोघांनी दोन टोकं धरली आणि जंगलातून धूम ठोकली. पडद्यावर अदृश्य सैतान झेपावत येतो, तो हाच.

नागपूरच्या पोरांची अडचण कॅमेऱ्याची नाहीच, आवाजाची आहे. मे महिन्यात घरात शूटिंग म्हणजे कूलरची घरघर. ‘कूलर बंद कर ना बे!’ असं कुणीतरी ओरडतं. मग पंचेचाळीस अंशांत पाच जण श्वास रोखून उभे, भुताच्या तोंडावरची पावडर घामाने ओघळते, आणि नेमक्या त्याच क्षणी आजी स्वयंपाकघरातून विचारते, ‘लाइन गेली का रे?’ टेक वाया. पण पोरांनी जरा कान द्यावा. दुपारी लाइन जाते, कूलर थांबतो, खिडकीतल्या ओल्या टट्टीवरून पाण्याचे उरलेसुरले थेंब टपटपत राहतात. एवढी भयाण शांतता कुठल्याही ॲपमधल्या किंकाळीत नाही. राहीलाही नागझिऱ्यात भुताचं चित्र कुणी दाखवलं नव्हतं; गोष्ट कानातूनच आत शिरली होती.

आणि ज्या गावात तान्ह्या पोळ्याला मारबत निघते, त्या गावाने भूत उसनं आणावं? काळी मारबत १८८१पासूनची, पिवळी १८८५पासूनची. बांबू-कागदाच्या या अवाढव्य बाया इतवारी-महालच्या गर्दीतून निघतात, बडग्यांचे पुतळे सोबत, ‘इडापीडा घेऊन जा गे मारबत’ची आरोळी, आणि शेवटी दहन. बापाच्या खांद्यावर बसून तो चेहरा पाहिलेलं पोर रात्री काय स्वप्न पाहतं, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. गावभराची इडापीडा घेऊन ती नेमकी जाते कुठे? एवढा एक प्रश्न धरला तरी दहा मिनिटांची फिल्म निघते. मिरवणूक, गर्दी, ढोल, सगळं आयतं; खर्च शून्य.

राहता राहिली मोठी माणसं. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात एमिली हॅगिन्स बारा वर्षांची असताना ‘पॅथोजन’ हा पूर्ण लांबीचा झॉम्बीपट करायला निघाली, तेव्हा तिची आई तिच्याच युनिटमध्ये राबत होती. आपल्याकडे आधी क्लासचं वेळापत्रक पुढे येतं. मान्य, दहावी दहावीच असते. पण स्नेहसंमेलनात रेकॉर्ड डान्सला दोन तास मिळतात. त्यातली दहा मिनिटं शाळेने या पोट्ट्यांना द्यावीत. सभागृहातले दिवे तसेही बंदच असतात.