चुकलेला हात

गेल्या पावसाळ्यात गुंजीच्या एका घरी आम्ही गेलो, तेव्हा ओसरीवर बारा वर्षांचा मुलगा डोळे पुशीत बसला होता. फवारणीचा पंप चालेना म्हणून त्याने तो स्वतःच उघडला; पुन्हा जोडल्यावर तर थेंबही येईना. वडिलांनी दोन चपराका देऊन बजावले होते, "पुन्हा पंपाला हात लावशील तर याद राख!"

आम्ही मुलास जवळ घेऊन विचारले, "काय चुकले रे, बाळ?" तो हळूच म्हणाला, "वायसर उलटा बसला. दाब धरत नाही."

दोष त्याला सापडला होता. पण तो सांगण्यापूर्वीच शिक्षा झाली होती.

चुकत चुकत शिकलेल्या माणसाचे उदाहरण आपल्या बेळगावातच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकलेसाठी मुंबईस गेले. परंतु काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळून आल्यावर ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. १८८८ साली बेळगावात त्यांनी सायकलीचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर केले. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. तरी त्यांनी हात आखडला नाही. १९१० साली औंध संस्थानातील माळावर त्यांचा कारखाना उभा राहिला; तीच किर्लोस्करवाडी.

नांगर न घेणाऱ्या शेतकऱ्यांना मात्र कोणी हसू नये. ज्याचे वर्षाचे अन्न एका पिकावर अवलंबून, त्याला प्रयोग महाग पडतो. म्हणूनच प्रयोग लहान असावा. भाताचे नवे बी सबंध शेतात न पेरता एका वाफ्यात पेरावे, शेजारी जुने ठेवावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. बी आणि खत दोन्ही बदलली तर गुण कशाचा आला हे कसे कळणार? आणि फसले तेही वहीत टिपून ठेवावे. न टिपलेली चूक पुढच्या वर्षी पुन्हा पदरी येते.

पण या सर्वांआधी घरात क्षमा हवी. संत लूकच्या शुभवर्तमानातील अंजिराचा दाखला आठवा. तीन वर्षे फळ न देणारे झाड मालक तोडू पाहतो. माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो. पण तो नुसती मुदत मागत नाही. आळे खणून खत घालण्याचे कामही अंगावर घेतो. मुलाच्या चुकीपाशी आईबापांनी असेच उभे राहावयास नको काय?

त्या सायंकाळी वायसर सुलटा बसविला तो मुलानेच. वडील पंप धरून बसले होते. पाण्याचा फवारा अंगणात उडाला तेव्हा कोणीच काही बोलले नाही. वडिलांनी फक्त त्याच्या डोक्यावरून हात फिरविला.