शनिवारचे तेच अकरा

फुटबॉल प्रशिक्षक जॉन टोशॅकचं एक बोलणं स्पेनमध्ये अजून सांगितलं जातं. सामना हरलो की सोमवारी वाटतं, दहा जणांना घरी बसवावं. मंगळवारी आकडा सात-आठांवर येतो, गुरुवारी चारांवर, शुक्रवारी दोघांवर. शनिवारी लक्षात येतं, की खेळवायचे तेच अकरा. त्या अकरांना त्याने शेवटी एक शिवीही घातली होती, ती इथे छापता येणार नाही. दर आठवड्याला सदर लिहिणाऱ्याला हे गणित समजावून सांगावं लागत नाही.

टोशॅक वेल्सचा, कार्डिफचा. सोळाव्या वर्षी गावच्या संघातून मैदानात उतरला. 1970 मध्ये लिव्हरपूलचे व्यवस्थापक बिल शँक्ली यांनी एक लाख दहा हजार पौंड मोजून त्याला तिकडे नेलं. उंचापुरा टोशॅक डोक्याने चेंडू खाली पाडायचा आणि बुटका केव्हिन कीगन तो जाळ्यात धाडायचा. दोघांना एकमेकांच्या मनातलं कळतं अशी बोलवा झाली, तेव्हा टीव्हीवाल्यांनी पत्ते दाखवून त्यांची परीक्षाही घेतली. टोशॅकची उत्तरं बरोबर येत गेली. पुढे त्याने सांगून टाकलं, की कॅमेऱ्याच्या भिंगात पत्ते दिसत होते!

मार्च 1978 मध्ये वेल्समधल्याच स्वान्सी क्लबने त्याला खेळाडू आणि व्यवस्थापक अशा दोन्ही जागांवर घेतलं. वय अठ्ठावीस. संघ इंग्लिश लीगच्या चौथ्या, म्हणजे तळाच्या श्रेणीत. आधीचे व्यवस्थापक हॅरी ग्रिफिथ्स मोठ्या मनाने त्याच्या हाताखाली थांबले होते. एप्रिलमध्ये एका सामन्याआधी स्वान्सीच्या मैदानावरच ते कोसळले आणि गेले. वरच्या श्रेणीत जायला तेव्हा अवघे काही दिवस उरले होते. संघ वर गेला. पुढच्या वर्षी आणखी एक पायरी चढला आणि 2 मे 1981 रोजी प्रेस्टनला हरवून थेट पहिल्या श्रेणीत पोचला. तिथल्या पहिल्याच सामन्यात लीड्सवर पाच गोल. त्या मोसमात स्वान्सी काही काळ अव्वल होतं आणि अखेरीस सहावं आलं.

त्याच मोसमातला एक शनिवार मला या सगळ्याहून मोठा वाटतो. सप्टेंबरच्या शेवटी शँक्ली वारले आणि लगेचचा लीगचा सामना स्वान्सीचा, तोही लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्डवर. मिनिटभराच्या शांततेसाठी सगळे उभे राहिले. टोशॅकने अंगावरचं स्वान्सीचं जॅकेट उतरवलं. आत लिव्हरपूलचा लाल शर्ट होता. स्वान्सीच्या काही लोकांना ते खटकलं. खटकणारच. पण गुरूच्या सुतकात कोणता शर्ट घालायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

स्वान्सी जितक्या झपाट्याने चढलं, तितक्याच झपाट्याने घसरलं. कर्जात बुडालेला क्लब 1986 मध्ये पुन्हा चौथ्या श्रेणीत आला. टोशॅक तोवर परदेशी गेला होता. रेआल सोसिएदाद या बास्क क्लबला त्याने 1987 मध्ये स्पेनच्या राजाचा करंडक मिळवून दिला. मग रेआल माद्रिद. 1989-90 च्या लीगमध्ये त्याच्या संघाने 107 गोल केले. हा विक्रम 22 वर्षं टिकला. एकट्या ह्यूगो सांचेझचे त्यात 38. तरी पुढच्या नोव्हेंबरात त्याला काढलं.

1999 मध्ये माद्रिदने त्याला पुन्हा बोलावलं. या खेपेला त्याने स्वतःच्याच गोलकीपरवर चारचौघांत टीका केली. शब्द मागे घ्या, असं सांगण्यात आलं. त्यापेक्षा बर्नाबेऊ मैदानावरून डुक्कर उडताना दिसण्याची शक्यता जास्त, असं त्याचं उत्तर. नोकरी गेली, महिना पुन्हा नोव्हेंबरच. त्याच्या जागी आलेल्या देल बॉस्केने त्याच मोसमात चॅम्पियन्स लीग जिंकली. हट्टाची ही किंमत जरा जास्तच होती.

वेल्सच्या राष्ट्रीय संघाचं काम त्याने 1994 मध्ये 47 दिवसांत सोडलं होतं. नॉर्वेशी एक सामना, एक पराभव, रामराम. 2004 मध्ये तो परत आला. वयस्क खेळाडू एकेक करून निघून गेले, काहींशी बिनसलं, मग त्याने पोरं खेळवायला घेतली. सोळा वर्षांचा गॅरेथ बेल 2006 मध्ये त्याच्याच हाताखाली उतरला. संघ हरत राहिला, एकाही मोठ्या स्पर्धेला पात्र ठरला नाही आणि 2010 मध्ये टोशॅकने ते काम सोडलं.

1 जुलै 2016. युरो स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी, वेल्स विरुद्ध बेल्जियम. वेल्सने 3-1 असं जिंकलं. त्या दिवशी सुरुवातीला उतरलेल्या संघात हेनेसी, गंटर, विल्यम्स, लेडली, अ‍ॅलन, रॅमसी आणि बेल होते. या सातही जणांना वेल्सचा शर्ट पहिल्यांदा दिला होता टोशॅकने.