इन्फ्लुएंझा आणि वाया जाणारे दोन दिवस

पावसाळा लागला की वऱ्हाडात तापाची साथ यावयाचीच, असे आपल्या लोकांनी धरूनच ठेवले आहे. आणि जी गोष्ट यावयाचीच तिच्याबद्दल जाब तरी कोणाला विचारावयाचा, अशी मखलाशीही त्यावर तयार असते. ही मखलाशी आम्हांस मुळीच मान्य नाही. इन्फ्लुएंझाने माणूस दगावतो त्यात रोगाचा वाटा किती आणि पहिले दोन दिवस वाया घालविणाऱ्या व्यवस्थेचा किती, याचा हिशेब एकदा झालाच पाहिजे.

यंदा हा हिशेब आमच्याच अंगावर मांडला गेला. कामानिमित्त महागावी मुक्काम असता एके रात्री हुडहुडी भरून ताप आला. सकाळी पारा १०३ अंशांवर गेला, सांधे ठणकू लागले आणि कोरडा खोकला छातीत ठाण मांडून बसला. प्रथम दुकानातून गोळ्यांची पुडी आली. मग एका खासगी दवाखान्यात कमरेत सुई, हाताला सलाईन व अँटिबायोटिक गोळ्यांची चिठ्ठी असा शिरस्त्याचा प्रसाद मिळाला. (बाटली टांगल्यावाचून उपचार झाला असे रोग्यास वाटत नाही, हेही खरेच.) हा इन्फ्लुएंझा तर नव्हे, असा प्रश्न आम्ही केला. 'व्हायरल आहे, उतरेल,' एवढेच उत्तर मिळाले. तिसऱ्या दिवशी चार पावलांवर धाप लागू लागली, तेव्हा मोटारीने यवतमाळ गाठले. तेथील डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला तो ताप केव्हापासून आहे हा, आणि उत्तर ऐकून कपाळास आठ्या घातल्या. ऑक्सिजन लावावा लागला, आम्ही वाचलो. आमच्यापाशी मोटार होती, पैसा होता आणि प्रश्न विचारण्याची वकिली सवय होती. निंदणाच्या दिवसांत रोज बुडेल म्हणून ताप अंगावर काढणाऱ्या बाईपाशी यांपैकी काय असते?

सन १९१८ च्या जूनमध्ये हा रोग मुंबईत शिरला, आणि पावसाळ्याच्या अखेरीस जी दुसरी लाट उठली ती धरून देशात सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत माणसे गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मध्यप्रांत व वऱ्हाड हा सर्वाधिक होरपळलेल्या मुलखांपैकी एक होता. पावसाने दगा दिलेला, धान्य महागलेले, कित्येक सरकारी डॉक्टर महायुद्धावर गेलेले; आणि रोगाचे मूळच कोणास ठाऊक नव्हते. माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू हाती लागला तो १९३३ साली. त्या पिढीला दोष देणे अन्यायाचे होईल. आज मात्र ऑसेल्टामिविर नावाचे औषध आहे. एका पेशीत वाढलेला विषाणू बाहेर पडून दुसरीत शिरतो, त्या वाटेवरच ते त्यास अडविते; म्हणून ताप आल्यापासून ४८ तासांच्या आत दिले तर त्याचा गुण विशेष येतो. उलट अँटिबायोटिक गोळ्यांना हा विषाणू भीकही घालीत नाही.

बरे, नियम नाहीत असेही नव्हे. २००९ साली स्वाइन फ्लूची साथ येऊन देशातील पहिला बळी पुण्यात गेला, तेव्हा केंद्र सरकारने रोग्यांचे तीन वर्ग पाडून दिले. किरकोळ तापास घरी विश्रांती. गरोदर स्त्रिया, वृद्ध, मधुमेह, हृदयविकार वा फुप्फुसाचा विकार असलेले रोगी यांना तपासणीच्या निकालाची वाट न पाहता औषध. आणि धाप, छातीतील कळ, ग्लानी, नखे निळी पडणे यांपैकी काही दिसताच थेट रुग्णालय. इतका सोपा नियम बाजारपेठेतील किती सुशिक्षितांस ठाऊक आहे? कायद्याचे अज्ञान ही सबब कोर्टात चालत नाही. पण जो नियम लोकांपर्यंत पोचविलाच नाही, तो न पाळल्याची शिक्षा रोग्याने भोगावी, हा न्याय कोणता?

तेव्हा महागावच्या व्यापारी व वकील मंडळींनी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी मागणी करावी, की हे तीन वर्ग मराठीत व तांड्यांकरिता गोरमाटीतही छापून प्रत्येक दवाखान्याच्या व औषधांच्या दुकानाच्या दारावर लावावेत, आणि हे औषध पावसाळ्यापूर्वीच तालुक्यात येऊन पडावे. सरकारचे उत्तर येईल तेव्हा येवो. आपल्या दुकानातील तापलेल्या हमालास तीन दिवसांची भरपगारी रजा देण्यास मात्र कोणाच्याही मंजुरीची गरज नाही. ती याच आठवड्यापासून सुरू करता येईल.